आपला ‘च’ आणि त्यांचा ‘ओन्ली’

गॅस, कुकर, मिक्सर, बिल, चेक, फी, टाइमटेबल... दिवसभरात आपल्या तोंडून किती इंग्रजी शब्द जातात ते मोजायला बसलं, तर स्वयंपाक तसाच राहील! पण हे शब्द वस्तूंचे. ते मराठी वाक्यात कुठेही खुशाल बसतात. कुकर म्हणजे कुकर, त्यात चुकायचं काय? खरी पंचाईत होते ती सबंध वाक्यच इंग्रजीत बोलायची वेळ आली म्हणजे. मुलांच्या शाळेतल्या बाई, बँकेत बदलून आलेले दक्षिणेकडचे साहेब, लेकीच्या सासरची अमराठी मंडळी, परदेशी असलेल्या मुलाचे शेजारी यांच्याशी मराठीत बोलून भागत नाही. शब्द सगळे ठाऊक असतात. व्याकरणही शाळेत घोकलेलं असतं. तरीही वाक्य बाहेर पडतं ते मराठी वळणाचं.

अशा वाक्यांत एक शब्द हटकून सापडतो, तो म्हणजे ‘ओन्ली’. ‘आय अ‍ॅम इन पुणे ओन्ली.’ ‘शी इज माय सिस्टर ओन्ली.’ ‘पुट इट देअर ओन्ली.’ वाक्याच्या शेवटी ‘ओन्ली’ टाकला की आपल्याला कसं बरं वाटतं! आमटीवर फोडणी ओतल्यासारखं.

हा ‘ओन्ली’ आला कुठून? तो आपल्या ‘च’चा अवतार आहे. मी पुण्यातच आहे, ती माझी बहीणच, तिथेच ठेव. हिंदीवाल्यांचा ‘ही’, गुजरात्यांचा ‘ज’, तमिळ मंडळींचा ‘तान्’ हेही याच कामाचे. म्हणून तर हा शेवटचा ‘ओन्ली’ देशभर ऐकू येतो, आणि आपल्याआपल्यांत त्यावाचून काही अडत नाही की त्याने काही बिघडत नाही. त्यावरून कुणी हसलं तर खुशाल हसू द्यावं. इंग्रजांनीही आपले शब्द नेऊन त्यांची काय दशा केली आहे ते आपण पाहतोच.

पण काही वेळा या ‘ओन्ली’ने अर्थच फिरतो, आणि तो फिरला हे बोलणारीला कळत नाही, ऐकणाऱ्यालाही कळत नाही. तिथे मात्र जपायला हवं.

समजा, तुम्ही लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेला आहात. मोठ्या नातवाला ताप आहे, लेक इस्पितळात, आणि फोनवर दवाखान्यातली नर्स विचारते आहे, औषध दिलं का? तुमच्या मनात उत्तर तयार आहे: ‘दिलं की, सकाळीच दिलं.’ म्हणजे केव्हाच दिलं, काळजी नको. त्याचं इंग्रजी तुम्ही करता, ‘आय गेव्ह इट इन द मॉर्निंग ओन्ली.’ नर्स काय समजेल? फक्त सकाळी दिलं, दुपारचं राहिलं! आणि ती म्हणेल, मग आता एक डोस द्या. दुपारचा डोस तुम्ही खरोखरच दिलेला असेल आणि सकाळचा सांगताना त्याचा उल्लेख राहिला असेल, तर पोराच्या पोटात एक डोस जास्त जाणार. इथे ‘आय गेव्ह इट धिस मॉर्निंग अ‍ॅण्ड अगेन अ‍ॅट टू’ एवढं साधं वाक्य पुरे होतं. ‘ओन्ली’ची गरजच नव्हती.

तसंच, ‘तिनं दूधच घेतलं’ हे वाक्य पाहा. आपल्याकडे हे दोन तऱ्हांनी म्हणता येतं. एक, दुसरं काही न घेता नुसतं दूध घेतलं. दुसरं, चहा नव्हे हो, दूधच घेतलं. इंग्रजी ‘ओन्ली’ यातला पहिलाच अर्थ उचलतो. ऑपरेशनच्या आधी पेशंटनं काय खाल्लंप्यालं हे डॉक्टर विचारतात, तेव्हा हा फरक बारीक राहत नाही.

‘च’ची पाच कामं

व्याकरणाच्या पुस्तकात ‘च’ला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात. ‘घरावर’ म्हणताना घराचं रूप बदलतं, ‘घरच’ म्हणताना बदलत नाही, म्हणून ते शुद्ध. एका अक्षराचा हा शब्द, पण घरातल्या थोरल्या सुनेसारखी पाच माणसांची कामं एकटा करतो. इंग्रजीत त्या प्रत्येक कामाला वेगळा गडी आहे. ‘ओन्ली’ हा त्यातला एकच.

‘मला दोनच पोळ्या हव्यात.’ इथे ‘च’ हद्द घालतो, तिसरी नको. हे खरं ‘ओन्ली’चं काम: ‘आय वॉन्ट ओन्ली टू.’

‘मी लग्नाला येईनच’ म्हणताना आपण खात्री देतो. इथे ‘आय विल कम ओन्ली’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की बाई नुसत्या येणार, जेवणार नाहीत, आहेर तर नाहीच! ‘आय विल डेफिनेटली कम’ म्हणावं. ‘तीच साडी नेसून आली’ यात ‘च’ ओळख पटवतो, तिथे ‘द सेम साडी’. ‘मी इथेच उभी आहे’ यात तो जागेवर बोट ठेवतो, तिथे ‘आय अ‍ॅम राइट हिअर’. ‘आत्ताच गेले’ याला ‘जस्ट नाउ’. आणि ‘तो ऐकतच नाही’ यातल्या ‘च’मध्ये तर आईचा सगळा वैताग भरलेला असतो. तो वैताग ‘अ‍ॅट ऑल’मध्ये उतरतो: ‘ही डझन्ट लिसन अ‍ॅट ऑल.’ शाळेतल्या बाईंना ‘ही इज नॉट लिसनिंग ओन्ली’ म्हटलं तर त्या विचारतील, म्हणजे लिहितो-वाचतो वाटतं, फक्त ऐकत नाही?

एवढं सगळं लक्षात ठेवायला कुणाला वेळ आहे? मी एक सोपी चाचणी सांगते. मराठी वाक्यातला ‘च’ काढून तिथे ‘फक्त’ घालून पाहायचं. ‘मला फक्त दोन पोळ्या हव्यात’ हे बरोबर लागतं, तेव्हा ‘ओन्ली’ चालेल. ‘मी लग्नाला फक्त येईन’ म्हटलं की अर्थ घसरला. ‘ती फक्त माझी बहीण’ म्हटलं की भलताच झाला. मग ‘ओन्ली’ नको, एवढं समजायचं. दुसरा शब्द सुचला नाही तरी हरकत नाही, वाक्य ‘ओन्ली’वाचून सोडून द्यावं. ‘आय अ‍ॅम इन पुणे’ म्हटल्याने आपण पुण्याबाहेर जात नाही!

या चाचणीला एक अपवाद आहे, तो काळवेळेचा. ‘तो कालच आला’ म्हणजे अगदी परवापरवा आला, जुना नव्हे. इथे ‘फक्त काल आला’ असं आपण म्हणणार नाही, पण इंग्रजीत ‘ओन्ली’ बरोबर चालतो. फक्त तो वेळेच्या शब्दाच्या आधी हवा: ‘ही केम ओन्ली यस्टरडे.’

मामींनी साडी दिली

आता जागेविषयी. मराठीत ‘च’ ज्या शब्दाला चिकटेल त्यावर जोर. इंग्रजीत ‘ओन्ली’ चिकटत नाही, सुटा उभा राहतो, म्हणून तो कुणाशेजारी उभा आहे ते पाहावं लागतं. साधारणपणे ज्या शब्दावर हद्द घालायची त्याच्या लगेच आधी त्याला उभा करावा.

लग्नघरातलं एक वाक्य घेऊ: मामींनी मला साडी दिली. इंग्रजीत, ‘मामी गेव्ह मी अ साडी.’ आता त्यात ‘ओन्ली’ फिरवा. ‘ओन्ली मामी गेव्ह मी अ साडी’ म्हणजे मामींनीच दिली, बाकी आत्या-मावश्या कोरड्याच आल्या. ‘मामी गेव्ह ओन्ली मी अ साडी’ म्हणजे मलाच दिली, धाकट्या जावेला नाही. ‘मामी गेव्ह मी ओन्ली अ साडी’ म्हणजे साडी तेवढी दिली, ना खण ना नारळ. शब्द तेच, पण पहिल्या वाक्याने आत्या रुसणार, दुसऱ्याने जाऊ, आणि तिसरं मामींच्या कानावर गेलं तर पुढच्या दिवाळीला काही मिळायचं नाही. मानपानाचं मराठीत तरी काय वेगळं असतं म्हणा!

बोलताना मात्र इंग्रजी माणसं इतकी काटेकोर नसतात. ती बहुधा ‘ओन्ली’ क्रियापदाच्या आधी घालून मोकळी होतात, ‘शी ओन्ली गेव्ह मी अ साडी’, आणि जोर आवाजाने देतात. त्यांच्याकडेही यावर पुष्कळ वाद झाले. हेन्री फाउलर या गृहस्थांनी १९२६ साली ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश युसेज’ नावाचा जाडजूड कोश लिहिला. त्यात त्यांनी ‘ओन्ली’च्या जागेवरून लोकांना टोकणाऱ्या पंडितांचीच कानउघाडणी केली: अर्थाचा घोटाळा होत नसेल तर माणसाला सरळ बोलू द्या. मला हे पटतं. पण कागदावर आवाज नसतो, म्हणून अर्जात, पत्रात, मुलांच्या वहीत ‘ओन्ली’ त्याच्या शब्दाजवळ नेऊन ठेवलेला बरा.

छापलेला ‘ओन्ली’

बोलताना चूक झाली तर सावरता येते. छापलेला ‘ओन्ली’ वाचायचा राहिला तर सावरायला वेळ मिळेलच असं नाही.

औषधांच्या कपाटात पाहा. कातडीला लावायची मलमं, लोशनं, चोळायची तेलकट औषधं यांवर ‘फॉर एक्स्टर्नल युज ओन्ली’ असं छापलेलं असतं. १९४५ च्या औषधविषयक नियमांप्रमाणे ते छापावंच लागतं. अर्थ: फक्त बाहेरून लावण्यासाठी, पोटात घ्यायचं नाही. पुष्कळ बाटल्या आकाराने खोकल्याच्या औषधासारख्याच असतात, म्हणून अशी बाटली पोटात घ्यायच्या औषधांच्या फळीवर ठेवूच नये. सासूबाईंना किंवा कामाच्या बाईंना इंग्रजी वाचता येत नसेल, तर वर मोठ्या अक्षरांत ‘फक्त लावण्यासाठी’ अशी मराठी चिठ्ठी डकवावी. गुरांच्या औषधांवर ‘फॉर अ‍ॅनिमल ट्रीटमेंट ओन्ली’ असतं आणि जनावराच्या तोंडाचं चित्रही असतं. गावाकडच्या घरात ही औषधं माणसांच्या औषधांशेजारी ठेवलेली दिसतात, ती आधी हलवावी. पुष्कळ गोळ्यांच्या पाकिटावर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याची सूचना असते, तिथेही शेवटी ‘ओन्ली’ आहे. अशी गोळी शेजारणीला लागू पडली म्हणून आपण आणून खायची नसते.

कपड्यांच्या पट्टीवर ‘ड्राय क्लीन’ एवढंच असेल, तर ती शिफारस समजावी. काही कपडे घरी हलक्या हाताने धुतले तरी निभावतात, आधी एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावं. पण ‘ड्राय क्लीन ओन्ली’ असेल तर पाण्याला हातच लावायचा नाही. रेशमी अस्तराचा कोट, जरीकाम केलेला शालू यांचा रंग एका धुण्यात उतरतो, आणि अस्तर आटलं की वरचं कापड गोळा होतं.

बँकेतला ‘ओन्ली’ तर आपला रखवालदारच. चेकवर ‘रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली’ लिहितो तेव्हा त्या ‘ओन्ली’ने रकमेची कडी लावलेली असते, मराठीत आपण ‘अक्षरी रुपये पाचशे फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहितो तशी. कडी नसेल आणि पुढे कोरी जागा असेल, तर ‘अ‍ॅण्ड नाइंटी’ लिहायला कितीसा वेळ लागतो? म्हणून रक्कम अगदी डाव्या कडेपासून सुरू करावी, ‘ओन्ली’ लिहावं आणि उरलेल्या जागेत आडवी रेघ ओढावी. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा काढून ‘अकाउंट पेयी ओन्ली’ लिहिलं, की ते पैसे ज्याचं नाव आहे त्याच्या खात्यातच जमा होतात, कुणी खिडकीवर रोख उचलू शकत नाही. भिशीचे, घरभाड्याचे, क्लासच्या फीचे चेक देताना हे विसरू नये. आणि लिहिताना चुकलात तर खोडून वर सही करू नका. चेकची प्रतिमा पाठवून तो वटवण्याची पद्धत आल्यावर २०१० सालापासून रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की तारखेखेरीज कुठलीही दुरुस्ती चालत नाही. नवा चेक फाडावा.

एकुलती एक आणि नुसती

‘ओन्ली’ हा मुळात ‘वन’चाच नातलग. जुन्या इंग्रजीत ‘एकासारखा’ अशा अर्थाचा शब्द होता, त्याचा घासून घासून ‘ओन्ली’ झाला. ‘अलोन’मध्येही तोच ‘वन’ लपला आहे. म्हणूनच एकुलत्या एक मुलाला ‘अ‍ॅन ओन्ली चाइल्ड’ म्हणतात. इथे शब्दांची जागा जरा बदलली की अर्थ दुसरीकडे जातो. ‘शी इज अ‍ॅन ओन्ली चाइल्ड’ म्हणजे ती एकुलती एक. ‘शी इज ओन्ली अ चाइल्ड’ म्हणजे अजून लहान आहे हो, पोर आहे. शाळाप्रवेशाच्या मुलाखतीत दोन्ही वाक्यं उपयोगी पडतात, पण अदलाबदल होता कामा नये.

फॉर्मवर ‘सिंगल गर्ल चाइल्ड’ असे शब्द आले, तर तेही नीट वाचावेत. सीबीएसई बोर्डाची या नावाची शिष्यवृत्ती आहे. ती आईवडिलांचं एकमेव अपत्य असलेल्या मुलीसाठी आहे. ‘आम्हाला मुलगी एकच आहे’ एवढ्याने भागत नाही. तिला भाऊ असेल तर ती यात बसत नाही.

‘ओन्ली अ’ या जोडीचा अर्थ ‘नुसता, निव्वळ’ असा उणा होतो. आता शाळेच्या पालकसभेत किंवा पार्टीत कानावर येणारं एक वाक्य आठवा: ‘आय अ‍ॅम ओन्ली अ हाउसवाइफ.’ बाईला म्हणायचं असतं, मी घरीच असते, नोकरी करत नाही. हा ‘घरीच’मधला ‘च’ साधा, माहिती देणारा. पण इंग्रजीत ते ऐकू येतं, ‘मी काय, नुसती बायको, घर सांभाळणारी.’ मराठीत जे तिनं म्हटलंच नव्हतं, ते इंग्रजीत ती स्वतःच्या तोंडाने म्हणून बसते. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका निकालात गृहिणीच्या घरकामाचं पैशातलं मोल धरलं पाहिजे असं स्पष्ट लिहिलं. मग आपणच ‘ओन्ली’ लावून सूट कशाला द्यायची? ‘आय अ‍ॅम अ हाउसवाइफ’ म्हणा, ‘आय रन द हाउस’ म्हणा, आणि पुढे मुलाच्या गणिताविषयी विचारा.

तरच, असतं तर

दोन जोडशब्द राहिले. ‘ओन्ली इफ’ म्हणजे ‘तरच’. ‘आय विल साइन ओन्ली इफ यू एक्स्प्लेन इट’, म्हणजे समजावून सांगितलंत तरच सही करीन. हे वाक्य प्रत्येकीने पाठ करून ठेवावं असं माझं मत आहे. विम्याच्या आणि कर्जाच्या कागदांत ‘ओन्ली इफ’ दिसला की तिथे बोट ठेवून थांबावं, कारण पैसे कधी मिळणार नाहीत ते बहुधा त्याच ओळीत असतं. उलट ‘इफ ओन्ली’ म्हणजे हळहळ: ‘इफ ओन्ली आई वेअर हिअर!’ आई इथे असती तर! एकात अट आहे, दुसऱ्यात उसासा.

मुलांना निबंधात ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’ लागतं. ते आपल्या ‘केवळ... नव्हे, तर... सुद्धा’सारखंच चालतं. दोन्हीकडे सारख्या जातीचे शब्द ठेवायचे, एवढं सांगितलं की मुलं बरोबर लिहितात: ‘नॉट ओन्ली मँगोज बट ऑल्सो जॅकफ्रूट’. वरच्या वर्गातल्या मुलांना एक जास्त लागतं. वाक्याची सुरुवातच ‘ओन्ली देन’ने केली, तर पुढे प्रश्नासारखी रचना येते: ‘ओन्ली देन डिड शी स्पीक’, तेव्हाच ती बोलली. परीक्षेत हे हमखास विचारतात.

आणि कुणी काही मदत मागितली, तर उत्तरात ‘आय शॅल बी ओन्ली टू ग्लॅड’ असं लिहिलेलं दिसतं. ते वाचून पुष्कळजणींना वाटतं की यात काही तरी कमी केलंय, आनंद फक्त एवढाच. तसं नाही. इथे ‘ओन्ली टू’ म्हणजे अगदी मनापासून, आनंदाने. फक्त हा ‘ओन्ली’ उचलून शेवटी नेऊ नका. ‘आय अ‍ॅम ग्लॅड ओन्ली’ हे विहीणबाईंना कळेल, त्यांच्याकडेही ‘ही’ किंवा ‘ज’ आहे. जावयाच्या ऑफिसातल्या इंग्रज साहेबांच्या पत्नीला नाही कळायचं.